सायकल खोक्यातून घरी आली, मग दुकानदाराच्या हातात काय उरलं?



या आठवड्याच्या व्हिडिओत सायकलच्या धंद्याबद्दल बोललो. पण व्हिडिओत हिशोब नीट मांडता येत नाही. आकडे स्क्रीनवर येतात आणि जातात. म्हणून तो सगळा इथे सावकाश लिहून काढतोय.

विषय असा आहे. सायकल बनवणाऱ्या कंपन्या आता थेट गिऱ्हाइकाला विकतात. मोबाइलवर रंग निवडा, पैसे भरा, काही दिवसांत पुठ्ठ्याचं मोठं खोकं दारात हजर. मधलं दुकान गायब. मग गावातल्या 'सायकल मार्ट'वाल्याने काय करायचं? आणि ज्याला आज नवीन दुकान टाकायचंय, त्याने टाकावं की नाही?

बहुतेक जण एका वाक्यात निकाल लावून मोकळे होतात: "ऑनलाइनने धंदा खाल्ला." मला हे अर्धंच पटतं. विक्री जाते हे खरं. पण विक्रीबरोबर नेमका कोणता पैसा जातो आणि कोणता जात नाही, हे बघितलं नाही तर चालू शकणारं दुकान बंद होतं आणि न चालणारं दुकान उघडलं जातं. दोन्हींत घरचेच पैसे बुडतात.

एका सायकलमागे सुटणारे पैसे कशाचे?

जुनी पद्धत आठवा. हीरो, ॲटलस, एव्हन, हर्क्युलिस, बीएसए ही नावं आपल्या वडिलांच्या पिढीची. लुधियाना हे या धंद्याचं मोठं केंद्र. हीरो सायकल्स १९५६ मध्ये तिथेच उभी राहिली. दक्षिणेत मुरुगप्पा समूहाची टीआय सायकल्स १९४९ पासून. या कंपन्यांचा माल दुकानात यायचा तो तयार सायकल म्हणून नाही. फ्रेम वेगळी, रिम वेगळ्या, स्पोकचे गठ्ठे वेगळे, टायर-ट्यूब वेगळे. दुकानातला फिटर त्यातून सायकल उभी करायचा. स्पोक भरून चाक बांधायचं, आऊट काढायचा, हबमध्ये ग्रीस लावून छर्रे बसवायचे, चेन मापाला तोडायची, ब्रेक जुळवायचे. एवढं झाल्यावर सायकल दुकानाबाहेर स्टँडवर लागायची.

आणि विकल्यावरही ती दुकानदाराला सोडायची नाही. पहिल्या दोन-तीन सर्व्हिसिंग फुकट. मधेच पोरगा येऊन म्हणाला, "काका, ब्रेक लागत नाहीये," की हातातलं काम ठेवून पाना फिरवायचा. हवा तर कायमचीच फुकट. या सगळ्याचे पैसे गिऱ्हाइकाने एकदाच दिलेले असायचे: सायकलची किंमत म्हणून. मजुरी हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. दुकानदार स्वतःसुद्धा म्हणायचा, "एका सायकलमागे इतके सुटतात."

इथेच थांबा. सुटतात ते कशाचे सुटतात?

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला. समजा एका दुकानात महिन्याला २५ सायकली विकल्या जातात आणि एका सायकलमागे १,२०० रुपये सुटतात. झाले ३०,००० रुपये. दुरुस्ती आणि सुट्या भागांतून आणखी २२,००० रुपये. एकूण ५२,०००. खर्च बघा: भाडं १२,०००, कारागिराचा पगार १५,०००, वीज-फोन-किरकोळ ३,०००. म्हणजे ३०,००० गेले. मालकाच्या हातात २२,००० राहिले. श्रीमंती नाही, पण घर चालतं.

आता ऑनलाइन आलं. विक्री २५ वरून १२ वर आली. १२ सायकलींचे १४,४०० रुपये, अधिक दुरुस्तीचे २२,०००, म्हणजे ३६,४००. खर्च तेवढाच, ३०,०००. मालकाच्या हातात ६,४०० रुपये. पोराची शाळेची फी यात बसत नाही. साहजिकच मनात येतं की शटर खाली ओढावं.

पण एक गोष्ट या हिशोबात आलेलीच नाही. वेळ. एक सायकल उभी करायला समजा दोन तास लागतात आणि दोन फुकट सर्व्हिसिंग एकेक तासाच्या. म्हणजे विकलेल्या प्रत्येक सायकलमागे चार तासांचं काम. आता १,२०० भागिले चार करा. तासाला ३०० रुपये. म्हणजे ज्याला आपण 'मालावरचा नफा' म्हणत होतो, तो खरं तर चार तासांच्या कसबाचा मोबदला होता. फक्त बिलावर तसं लिहिलेलं नव्हतं.

आणि विक्री १३ सायकलींनी घटली तेव्हा ५२ तासांचं फुकट काम पण घटलं. हे ५२ तास तासाला ३०० रुपयांनी विकले गेले तर? १५,६०० रुपये. जेवढे गेले होते, बरोब्बर तेवढेच. हा काही जादूचा आकडा नाही. तेच पैसे आपण दुसऱ्या बाजूने मोजले, एवढंच. शिवाय ज्या १३ सायकली आता दुकानात भरून ठेवाव्या लागत नाहीत, त्यांच्यात अडकलेलं भांडवल सुटलं ते वेगळंच.

"सर, पण ते ५२ तास विकत घेणार कोण?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. खरी अडचण तिथेच आहे. त्याचं उत्तर द्यायच्या आधी परदेशात काय घडलं ते बघू, कारण हा प्रकार तिथे आपल्या आधी सुरू झालाय.

थेट विकणारा आधी दुकानदारच होता

थेट विक्रीचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे कॅनियन. जर्मनीतल्या कोब्लेंझ गावची कंपनी. रोमन अर्नोल्ड यांचे वडील सायकल शर्यतींच्या ठिकाणी ट्रेलर लावून सायकलचे भाग विकायचे. त्यातून १९८५ मध्ये 'राडस्पोर्ट अर्नोल्ड' सुरू झालं. म्हणजे सुरुवात दुकानदारीचीच! पुढे स्वतःच्या सायकली आल्या, कॅनियन हे नाव आलं, आणि मधले डीलर न ठेवता गिऱ्हाइकाला थेट माल पाठवायची पद्धत त्यांनी पक्की केली. २०१७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात उतरले. २०२० च्या अखेरीस बेल्जियमच्या जीबीएल या गुंतवणूक कंपनीने त्यांच्यातला मोठा हिस्सा घेतला. जागतिक दर्जाचे शर्यतपटू त्यांच्या सायकली चालवतात, त्यामुळे 'ऑनलाइन म्हणजे हलका माल' ही समजूत तिथे केव्हाच मोडली.

पण मला कौतुक वेगळ्या गोष्टीचं वाटतं. कॅनियनच्या खोक्यात सायकलीबरोबर एक छोटा टॉर्क रेंच येतो, म्हणजे बोल्ट किती आवळायचा ते दाखवणारा पाना. कंपनीला पक्कं माहीत आहे की सायकल आणि चालवता येणारी सायकल यांच्यात अजून थोडं काम शिल्लक आहे. ते काम त्यांनी गिऱ्हाइकावर सोपवलं आणि किमतीतून वजा केलं. दुकानदाराची मजुरी कुठे नाहीशी झाली नाही. ती गिऱ्हाइकाच्या अंगणात जाऊन पडली.

सगळ्यांना ते काम जमत नाही. म्हणून अमेरिकेत कॅनियनने व्हेलोफिक्स नावाच्या कंपनीशी जोडणी केली. व्हेलोफिक्सचं दुकानच व्हॅनमध्ये असतं. व्हॅन दारात येते, आत स्टँड, हत्यारं, सुटे भाग सगळं असतं, आणि मेकॅनिक सायकल जुळवून देतो. दुकानाचं भाडं गेलं, पण मेकॅनिक गेला नाही. बघा, कसब कुरिअरने पाठवता येत नाही.

जुन्या कंपन्यांनी काय केलं

ट्रेक, जायंट, स्पेशलाइज्ड या कंपन्या दुकानांच्या जोरावर मोठ्या झालेल्या. कॅनियनसारखं एका रात्रीत दुकानांना सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. २०१५ मध्ये ट्रेकने मधला रस्ता काढला. गिऱ्हाइकाने कंपनीच्या वेबसाइटवर ऑर्डर द्यायची, सायकल त्याच्या जवळच्या डीलरकडे जाणार, डीलर ती जुळवणार, आणि त्याबद्दल डीलरला पैसे मिळणार. डीलरचं भांडवल अडकत नाही, मजुरी मिळते. जायंटनेही त्याच वर्षी अमेरिकेत 'ऑनलाइन घ्या, दुकानातून उचला' ही पद्धत आणली.

स्पेशलाइज्ड बरीच वर्षं घरपोच विक्रीपासून लांब राहिली. शेवटी २०२२ च्या सुरुवातीला तिनेही अमेरिकेत सायकल थेट घरी पाठवायला सुरुवात केली. ज्या दुकानदारांनी वर्षानुवर्षं तिचा बोर्ड मिरवला, त्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको.

आणि बोर्ड मिरवण्याचा धोका किती असतो, त्याचं एक उदाहरण ऐका. उत्तर कॅलिफोर्नियात माइक्स बाइक्स ही दुकानांची साखळी होती. २०२१ मध्ये ती नेदरलँड्सच्या पॉन समूहाने विकत घेतली. पॉनचे स्वतःचे सायकलींचे ब्रँड आहेत. झालं, स्पेशलाइज्डने त्या दुकानांना माल देणं बंद केलं. वर्षानुवर्षं जिच्या सायकली विकल्या, ती कंपनी एका निर्णयात निघून गेली. कंपनीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रतिस्पर्ध्याला माल कोण देईल? पण दुकानदार म्हणून तुमच्या गल्ल्यातला किती पैसा एकाच कंपनीच्या मर्जीवर आहे, हे दर वर्षी एकदा तपासलंच पाहिजे.

दुकान नको म्हणणाऱ्या कंपनीची गोष्ट

आता उलट बाजू. ॲमस्टरडॅममध्ये २००९ मध्ये टाको आणि टीस कार्लियर या दोन भावांनी व्हॅनमूफ सुरू केली. देखणी ई-सायकल, ॲपवर उघडणारं कुलूप, चोर शिरला तर भोंगा. २०२० मध्ये त्यांनी नवं मॉडेल १,९९८ युरोला आणलं. युरोपात चांगल्या ई-सायकलच्या मानाने ही किंमत बरीच कमी होती. विक्री थेट, आणि सोबत पैसे भरून घ्यायची देखभालीची योजना. लोकांनी उड्या मारल्या.

गोची कुठे झाली? या सायकलीतले बरेच भाग त्यांचे स्वतःचे, बाजारात न मिळणारे. सायकल बिघडली की गल्लीतला मेकॅनिक हात वर करायचा. त्याच्याकडे ना भाग, ना माहिती. म्हणजे प्रत्येक बारीकसारीक दुरुस्ती कंपनीच्याच अंगावर. दुकानदाराला मार्जिन द्यायचं वाचलं, पण दुकानदार जे फुकटात निस्तरायचा ते सगळं आता कंपनीला पगारी माणसं ठेवून निस्तरावं लागलं. पुढे पैसा उभा राहिना आणि जुलै २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तोपर्यंत जवळपास दोन लाख सायकली रस्त्यावर होत्या. काहींच्या सायकली दुरुस्तीला टाकलेल्या, त्या तिथेच अडकल्या. ॲप बंद पडलं तर आपलीच सायकल उघडणार नाही, या भीतीने लोक डिजिटल किल्ल्या उतरवून ठेवायला धावले. आणि गंमत म्हणजे त्यासाठीचं ॲप काढलं ते काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीने.

नंतर लाव्होई नावाच्या कंपनीने व्हॅनमूफ विकत घेतली. नव्या मालकांनी मोठा बदल कोणता केला? विक्री आणि दुरुस्तीसाठी स्थानिक दुकानांना भागीदार करून घेतलं!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनची विगल ही सायकली आणि सामान ऑनलाइन विकणारी मोठी कंपनी पण कोलमडली. कोविडच्या काळात सायकली मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून सगळ्यांनी भरमसाट माल मागवला. तो गोदामात आला तोवर मागणी ओसरलेली. मग सवलतींची चढाओढ. त्या चढाओढीत ऑनलाइनवाले पण मेले आणि दुकानवाले पण. तेव्हा 'ऑनलाइन जिंकलं, दुकान हरलं' इतकं सरळ चित्र कुठेच नाही.

आपल्या गल्लीत

आपल्याकडे थेट विक्री दोन-तीन वाटांनी आली. एक डेकॅथलॉन. तिथे ब्रँडही त्यांचा आणि दुकानही त्यांचं, मध्ये कुणी नाही. दुसरी वाट ॲमेझॉन-फ्लिपकार्टवरच्या खोक्यातल्या सायकलींची. तिसरी नव्या ई-सायकल कंपन्यांची. पुण्यातलीच ई-मोटोरॅड बघा, २०२० मध्ये सुरू झाली, ऑनलाइनही विकते आणि दुकानांतूनही.

तालुक्याच्या गावी चित्र थोडं वेगळं असतं. तिथे अजून शाळेची सायकल हा मुख्य धंदा. मानव विकास कार्यक्रमात शाळेत जाणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकारी पैसे थेट बँक खात्यात येतात, आणि मग वडील मुलीला घेऊन जवळच्या दुकानातच जातात. त्यांना खोकं नको असतं. आजच्या आज चालवत घरी नेता येईल अशी सायकल हवी असते, आणि दुकानदार ओळखीचा हवा असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईचे हिशोब जसेच्या तसे तिकडे लावू नका.

शहरात मात्र ५२ तास विकायची खरी संधी खोक्यातच आहे. खोक्यातली सायकल बरीचशी जुळलेली असते. पुढचं चाक, हँडल, सीट, पेडल एवढं घरी बसवायचं. सोबत एक ॲलन की आणि कागद. वाचताना सोपं वाटतं. आता प्रत्यक्ष काय होतं ते कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे घरच्या माणसाला माहीत नसतं. तो जोर लावून नेहमीच्या दिशेने आवळतो. आटे जातात. क्रँक बदलावा लागतो. दुसरी चूक, पुढचा चिमटा मागेपुढे उलटा राहतो आणि त्यावरच हँडल आवळलं जातं. सायकल चालते, पण वळताना विचित्र वाटते आणि पाय चाकाला लागतो. तिसरी, गिअरचा लिमिट स्क्रू तपासलेला नसतो, आणि मोठ्या गिअरवर चढताना डिरेलर थेट स्पोकमध्ये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक. केबल सैल, शू रिमऐवजी टायरला घासतोय, आणि दहा वर्षांचं पोर ती सायकल घेऊन उतारावर निघालंय.

मग अशी सायकल दुकानात येते. इथे दुकानदाराची खरी परीक्षा. बरेच जण म्हणतात, "जिथून घेतली तिथेच घेऊन जा." राग मी समजू शकतो. याच माणसाने गेल्या आठवड्यात तुमच्याकडे येऊन तीन सायकली चालवून बघितल्या असतील, भाव काढला असेल, फोटो घेतला असेल आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवली असेल. तरीपण मी म्हणेन, घ्या. ज्या दिवशी तो खोकं घेऊन तुमच्या दारात आला, त्या दिवशी कंपनीने जाहिरातीवर खर्च करून मिळवलेलं गिऱ्हाईक तुम्हाला एक पैसा न घालता मिळालं. त्या सायकलला पुढची पाच वर्षं ट्यूब लागणार, ब्रेक शू लागणार, चेन लागणार.

फक्त एक. फुकट नाही. आणि चिडून दुप्पटही नाही.

आपल्या उदाहरणात परत येऊ. खोक्यातली सायकल जुळवायला एक तास धरा, ३०० रुपये. पूर्ण ओव्हरहॉलिंगला दोन तास, ६०० रुपये, सुटे भाग वेगळे. महिन्याला २० खोकी आणि १६ ओव्हरहॉलिंग झाली की ६,००० अधिक ९,६००, म्हणजे तेच १५,६००. दिवसाला साधारण दोन तास काम. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली मोजा, म्हणजे १६ हा आकडा किती अवघड किंवा सोपा आहे ते कळेल. रविवारी सकाळी एका सोसायटीत परवानगी घेऊन स्टँड लावला तर एका दिवसात पाच-सहा कामं मिळू शकतात. व्हेलोफिक्सच्या व्हॅनचंच हे आपल्या खिशाला परवडणारं रूप. त्याला टेम्पो लागत नाही, स्कूटरवर पेटी बांधली तरी पुरे.

यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, दुकानात दरफलक. जुळवणी इतके, आऊट काढणे इतके, पंक्चर इतके, ओव्हरहॉलिंग इतके. आपल्या लोकांना मजुरी सांगायची लाज वाटते. तोंडाने "अहो द्या काय द्यायचं ते" म्हणणारा कारागीर फलकाने वाचतो, कारण भिंतीवर लिहिलेल्या आकड्याशी कुणी फारशी घासाघीस करत नाही. हवा फुकटच राहू द्या. हवेला आलेला माणूसच पुढे ब्रेक दाखवतो.

दुसरी, जॉबकार्ड. साधी नक्कल निघणारी वही चालेल. सायकल आली तेव्हा काय बिघडलेलं होतं, आपण काय केलं, काय करायचं राहिलं आणि गिऱ्हाइकाने नको म्हटलं, हे तीन रकाने. आटे गेलेला क्रँक, वाकलेली रिम यांचे फोटो लगेच व्हॉट्सॲपवर. बाहेरून घेतलेल्या सायकलीबद्दल हे फार महत्त्वाचं. उद्या काही झालं तर "तुम्हीच बिघडवली" हे ऐकून घ्यावं लागत नाही, आणि कंपनीकडे वॉरंटी मागायला गिऱ्हाइकालाही तो कागद उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट जरा रुक्ष आहे, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा दर १२ वरून ५ टक्के झाला, ही चांगली बातमी. पण नोंदणीची मर्यादा लक्षात ठेवा. आपल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत सूट आहे. सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंतच. तुमचं दुकान विक्रीकडून दुरुस्तीकडे सरकायला लागलं की तुम्ही कोणत्या रकान्यात येता, हे सीएकडे जाऊन एकदा नीट समजून घ्या.

नवीन दुकान टाकणाऱ्यांसाठी

ज्यांना एखाद्या कंपनीची डीलरशिप घ्यायची आहे, त्यांनी सही करायच्या आधी विचारावं: हीच सायकल तुम्ही ऑनलाइन विकता का, आणि कोणत्या भावाने? माझ्या पिनकोडमधून ऑनलाइन ऑर्डर आली तर जुळवणी माझ्याकडे येणार का, आणि तिचे किती देणार? वॉरंटीत भाग तुम्ही पाठवाल, पण तो बसवायची मजुरी कोण देणार? न विकला गेलेला माल परत घेणार का? सेल्समन यातल्या निम्म्या प्रश्नांना हसून उत्तर देईल. हसू नको, ई-मेल पाहिजे.

ई-सायकलबाबत आणखी एक. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग, एवढ्या मर्यादेतल्या सायकलीला आरटीओ नोंदणी लागत नाही, म्हणून ती सायकलच्या दुकानात सहज विकता येते. विकण्याआधी कंट्रोलर, डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जर सुटे मिळतात का, किती दिवसांत, ते बघा. भाग मिळत नसतील तर व्हॅनमूफच्या गिऱ्हाइकांची गत तुमच्या गिऱ्हाइकांची होईल, आणि ते ॲमस्टरडॅमला नाही, तुमच्या काउंटरवर येऊन भांडतील.

आणि ज्यांच्या स्वतःच्या हातात पाना नाही, चांगला कारागीरही ओळखीचा नाही, फक्त गाळा आणि भांडवल आहे, त्यांना मी सायकलचं दुकान टाकू नका असंच सांगेन. नुसतं खोकं इकडून तिकडे करण्याचे पैसे या धंद्यात आता उरलेले नाहीत, आणि त्यात तुमची गाठ तुमच्यापेक्षा खूप मोठ्या गोदामांशी आहे. कारागीर असेल तर त्याला पगाराबरोबर जुळवणीच्या कामात टक्केवारी द्या. चांगला फिटर दुसऱ्या दुकानात गेला की त्याच्यामागे गिऱ्हाइकं पण जातात, हे तुम्ही बघितलं असेलच.

महागड्या सायकलींचं गिऱ्हाईक हा वेगळा विषय. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, आणि लांब पल्ल्याची सायकलिंग करणारे हौशी लोक आता आपल्याकडे बरेच आहेत. हे लोक सायकल कुठूनही मागवतील, पण सीटची उंची, हँडलचं अंतर आपल्या अंगाला बेतून घ्यायला माणूसच शोधतात आणि त्याचे नीट पैसे देतात. त्यासाठी वेगळं शिक्षण आणि हत्यारं लागतात. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतो.

सध्या ज्यांचं दुकान चालू आहे, त्यांनी आजपासून एक महिना गल्ल्याशेजारी वही ठेवा. प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली आणि त्याचे किती घेतले, एवढंच लिहा. फुकट केलेलं कामही लिहा, समोर शून्य टाका. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी हे झालं तर उत्तम, कारण मग हंगामात श्वास घ्यायला फुरसत नसते. महिन्याच्या शेवटी त्या शून्यांसमोरच्या मिनिटांची बेरीज करा. दरफलक कसा ठरवायचा यावर पुढचा व्हिडिओ आहे, तो बघताना ती बेरीज जवळ ठेवा.